पाठीवर हात पडेपर्यंत

मंडळी, एक विचारते, खरं सांगा हं! मैदानात पळतं लेकरू — मग कडेला उभं राहून धाप आपल्याला का लागते?

हसलात! म्हणजे लागते!

तर ऐका. बोरवाडीत हणमंतराव नावाचे गिरणीवाले. त्यांची लेक कार्तिकी, सातवीतली. खो-खोत अशी चपळ, की मांजरानं तिच्याकडे शिकवणी लावावी! आणि हणमंतराव? गिरणी बंद ठेवून मैदानाच्या कडेला — "वळ! वाक! डावीकडं!" पळायची पोरगी, घसा बसायचा बापाचा!

तालुक्याचा अंतिम सामना आला. शेवटचे दहा सेकंद. आणखी एक मुलगी बाद केली, की ढाल आपली! कार्तिकी चौकात बसलेली. मैत्रीण मागून धावत येतेय. तिचा हात पाठीवर पडेल, ती 'खो' म्हणेल, मगच उठायचं — हा नियम. पण हणमंतरावांना कुठला धीर! ओरडले — "खो!"

उठली ना पोरगी! शिट्टी! फाउल! गेली ढाल!

तुम्ही म्हणाल, एवढ्या गलक्यात तिला ऐकू कसं आलं? अहो, आवाज सगळ्यांचा सारख्याच वेगानं जातो. पण लेकराचा कान बापाच्या आवाजाकडेच लागलेला असतो, त्याला काय करणार!

घरी आल्यावर कार्तिकी एवढंच म्हणाली, "बाबा, मैदानात मला तुमच्याशिवाय काहीच ऐकू येत नाही. मी नाही खेळणार आता."

आठ दिवस झाले, पोरगी मैदानाकडे फिरकेना. शेवटी हणमंतरावांनी गिरणी बंद केली. गेले शाळेत, खेळाच्या कांबळेबाईंकडे. "बाई, तिला जरा समजवा."

"तिला नंतर. आधी तुम्ही बसा."

"कुठं?"

"चौकात!"

बसले! पोरींच्या रांगेत, उकिडवे, गुडघे करकर वाजताहेत! "बाई, मागून कोण येतंय ते दिसत नाही!"

"दिसायचं नसतंच. बसा."

कुणी खाकरलं — हणमंतराव उठले! फाउल! चिमणी उडाली — उठले! फाउल! एक पोरगी म्हणाली, "काका, दळण नाही आलं अजून, बसा खाली!"

आणि फाटकाशी कुणीतरी खळखळून हसलं. कार्तिकी! आठ दिवसांनी! चपला भिरकावून आत आली. "थांबा गं, यांना खो मी देते."

हणमंतराव बसले. मागून पावलं आली. मान वळायला बघत होती, वळवली नाही. दोन्ही तळवे मातीत घट्ट रोवले. जवळ... आणखी जवळ...

पाठीवर इवलासा हात पडला. "बाबा, खो!"

उठले! धावले! चार पावलांत धाप लागली — पण मंडळी, ती धाप त्यांची स्वतःची होती! छातीवरचं जातं उतरलं जणू.

पुढच्या साली पुन्हा अंतिम सामना. कार्तिकी खेळली. हणमंतराव कडेला मुकाट बसलेले, तळवे मातीवर.

जिंकली का म्हणता?

बघा! लगेच माना वर! फाउल! बसा मंडळी, बसा! लेकराला आपली गरज पडली, की ते येऊन हात ठेवील पाठीवर. तोवर आपल्या जागी बसून विठ्ठलाचं नाव घ्या — तिथं कितीही ओरडलात, तरी फाउल होत नाही!