चार्जरचं निमित्त

बायको : आणि बटण? बटण तरी चालू केलंय, की त्यासाठी माझ्या माहेरहून माणूस बोलावू?

गादीवाला : चालू आहे. दिवा दिसतोय ना लाल? मी कापूस पिंजतो, अक्कल नाही पिंजत.

बायको : पिंजायला आधी असावी लागते.

गादीवाला : फोन काही घेतच नाही. सकाळपासून लावलाय आणि बॅटरी खालीच चाललीय. चार्जर बिघडलाय.

बायको : काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना, कानाला बरं वाटतं. वर्षभर लेकीचा फोन वाजला की हेच. "तिला सांग, चार्जर बिघडलाय, बोलता येत नाही." शेवटी त्या बिचाऱ्यानंच मनावर घेतलं.

गादीवाला : अगं, या वेळी खरंच बिघडलाय!

बायको : मग कौतुक आहे त्याचं. मालकाचा शब्द खाली पडू दिला नाही.

गादीवाला : टोमणे नंतर मार. पाचला तिचा फोन येणार आहे.

बायको : मला सांगताय? निरोप कुणी आणला? "बाबांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या तोंडानं बोलायचं. बोलले तर विमानात बसायच्या आधी घरी येऊन जाईन. नाही तर इथूनच परस्पर परदेशी." तीन वर्षांची नेमणूक आहे तिची.

गादीवाला : तुझ्या फोनवर करायला काय होतं तिला?

बायको : माझ्या फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि फोन माझ्या हातात कोंबता. ती तुमचीच पोर आहे, ओळखून आहे.

गादीवाला : माझी पोर असती तर फोमच्या कंपनीत गेली असती? गादीवाल्याच्या मुलीनं फोम विकायचा! फोमवर निजलेला माणूस सकाळी आपल्याच आकाराच्या खड्ड्यातून वर येतो. आणि माझी गादी? एक गिऱ्हाईक असं झोपलं, असं झोपलं, की उठलं तेव्हा त्याच्या नातवाला मिसरूड फुटली होती.

बायको : आणि त्या नातवाच्या बारशाला तुम्ही चार्जर बिघडला म्हणून गेला नाहीत. सरका तिकडे. आधी दुसऱ्या प्लगला लावू.

गादीवाला : लावून झालं. शिलाई मशीनचा प्लग आहे ना, त्यालाही लावलं. काही नाही.

बायको : मग तुमचा चार्जर माझ्या फोनला लावते. हे बघा. लागला! चार्जर निर्दोष सुटला. वर्षभर उगाच बदनाम केलात गरिबाला.

गादीवाला : म्हणजे फोन बिघडला?

चष्मेवाला : काय वहिनी, आज दुकानात एवढी गडबड? शेजारी माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचायची सोडून तुमचंच बोलणं ऐकत बसलं होतं.

बायको : बरे आलात भाऊजी. यांचा फोन चार्ज होत नाही. म्हणजे या वेळी खरंच होत नाही.

चष्मेवाला : असं होय. दादा, सावकाश सांगा. वायर आत घट्ट बसते की सैल?

गादीवाला : पूर्वी टक् करून बसायची. आता अर्धी जाते आणि मऊ लागतं.

चष्मेवाला : मऊ? फोनच्या आत मऊ काय असणार?

बायको : हा प्रश्न गादीच्या दुकानात उभं राहून विचारताय?

चष्मेवाला : आणा इकडे. भिंग आहे खिशात. उजेडाकडे धरा... आणखी थोडं वर... दादा, अहो, तुम्ही फोनचीसुद्धा गादी भरलीत! ठासून भरलाय कापूस.

गादीवाला : एवढंच ना? थांबा, दाभण आणतो.

चष्मेवाला : दाभण ठेवा खाली! आत नाजूक पट्ट्या असतात. लोखंड लागलं तर चार्जर राहील, फोन जाईल. दात कोरायची लाकडी काडी द्या. आणि आधी फोन बंद करा.

बायको : ती तसदी नको. आत्ताच गेला तो.

गादीवाला : गेला? अगं, पाच वाजत आले! तिनं आत्ता लावला तर?

बायको : तर बंद लागेल. म्हणेल, बाबांनी या वेळी निमित्तसुद्धा सांगायचं सोडलं. कळवू का माझ्या फोनवरून, चार्जर बिघडलाय म्हणून?

गादीवाला : नको! कोण विश्वास ठेवेल?

बायको : मी तर नाही ठेवला.

गादीवाला : फुंकर मारून बघू का?

चष्मेवाला : ओल जाईल आत. हात मागे घ्या, दादा. निघतोय... अजून आहे... बाहुलीची उशी होईल एवढा आहे. आणि हा निळा धागा कसला?

बायको : निळा? निळं कापड तर दुकानात कुणाचंच नाही.

गादीवाला : आहे एक गिऱ्हाईक.

बायको : माळ्यावर चादरीखाली झाकून ठेवलंय तेच ना? मी झोपल्याचं सोंग घेतलं की तुम्ही खिशात फोन ठेवून वाकून वाकून टाके घालता, ते गिऱ्हाईक?

गादीवाला : भाऊ, झालं का हो तुमचं?

चष्मेवाला : झालं. लावा वायर.

गादीवाला : टक्! ऐकलंत? टक् झालं! पण हा अजून काळाच का?

चष्मेवाला : पार उतरली होती बॅटरी. उठायला जरा वेळ घेईल.

बायको : तुमच्याच गादीवर झोपला असेल. नातवाला मिसरूड फुटेपर्यंत थांबू.

(थोड्या वेळानं गादीवाल्याचा फोन चालू होतो आणि लगेच वाजतो.)

गादीवाला : माझे हात कापसाचे आहेत.

बायको : उचला हो.

गादीवाला : हॅलो... हो, मीच. मीच बोलतोय... नाही गं, बंद नव्हता केला. चार्जर... हस, हस. मला ठाऊकच होतं तू हसणार.

चष्मेवाला : वहिनी, निघतो मी. गिऱ्हाईक खोळंबलंय.

बायको : थांबा जरा. "हं" म्हणून माझ्या हातात कोंबतात का, ते बघू द्या.

गादीवाला : फोमचं राहू दे गं, ते नंतर भांडू. तू येतेस ना?... हो, तुझी निळी गादी आहे अजून. नव्यानं भरलीय. मध्ये थोडा कापूस कमी लागेल, तो फोनमध्ये गेला होता.