पुढची दोन, मागची दोन

(येलदरी रस्त्यावरचं पत्र्याचं गॅरेज. एक जुनी पिकअप. सूर्यभान मिस्त्री गाडीखाली आडवा. शिवशंकर स्टेअरिंगवर, त्याचा धाकटा भाऊ महांतेश मागच्या चाकाला टेकून उभा.)

सूर्यभान : आता फिरवा ते बटण. चारी चाकांवर न्या. लाईट काय म्हणतेय?

शिवशंकर : चमकायलीय.

सूर्यभान : चमकून थांबली का?

शिवशंकर : थांबती कशाची. लग्नाच्या मांडवावानी चमकायलीय.

महांतेश : काका, त्यायला म्हणावं बटण हळू फिरवा. रेडिओ न्हाई तो, गाणं लागायला.

शिवशंकर : काका, गाडीच्या मागून काही आवाज आला का? आला असंल तर तो आमच्याकडं येत न्हाई. मागचा भाग दुसऱ्याचा हाय.

सूर्यभान : म्हंजी लोक म्हणतेत ते खरं हाय? गाडी वाटली तुमी?

शिवशंकर : पंचांसमोर वाटली. दाराच्या मागं चुन्याची रेघ मारली. इंजिन, केबिन, पुढची चाकं थोरल्याला.

महांतेश : हौदा अन् मागची चाकं धाकट्याला. म्हंजी गाडी चालवायचा मान त्यायला, अन् फसली की ढकलायचा मान मला.

सूर्यभान : अन् मधलं कुणाला?

शिवशंकर : मधलं म्हंजी?

सूर्यभान : हा डबा, सीटाच्या खाली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांला हाच पोचवतो. ह्यातलं तेल कव्हा बदललं?

शिवशंकर : ते रेघंच्या मागं येतंय.

महांतेश : काका, नीट बघा, पुढं येतंय.

सूर्यभान : रेघ बरुबर त्याच्या डोक्यावरून गेलीय. म्हून दोघांनीबी थेंब घातला न्हाई. हे अप्पानं घातलेलं तेल हाय. बाप जाऊन एवढे दिवस झाले, अजून तोच तुमची गाडी चालवायलाय.

शिवशंकर : मग नवं घाला. पण ते दोघांत धरायचं.

सूर्यभान : धरतो. तेल घालतानी एक थेंब तुमच्याकडं, एक त्याच्याकडं असं टाकू का? ... हां. झालं. आता फिरवा.

शिवशंकर : चमकायलीय.

महांतेश : काका, सकाळी तुमी म्हणले फ्यूज गेला. मग म्हणले डब्यावरची मोटार गेली. आता तेल. दुपार झाली. आमचं चुकलं, नुसती लाईटच चमकायची तर टीव्हीवाल्याकडं न्यायला पायजे होती.

सूर्यभान : फ्यूज चांगला निघाला, मोटार बी चांगली निघाली. माझा अंदाज दोनदा चुकला, हे कबूल. आता तू अंदाज कर, मी चाकाला टेकून उभा राहतो.

शिवशंकर : काका, दिस मावळायच्या आत गाडी आखाड्यावर पोचली पायजे. आई तिथं शेतात राहते. उद्या सकाळी तिचं परभणीला डोळ्याचं ऑपरेशन हाय. मोतीबिंदू पार पिकलाय.

सूर्यभान : ते तर कव्हाच होणार होतं ना?

शिवशंकर : तारीख चुकली. तव्हा पाळी त्याची होती.

महांतेश : काका, तव्हा पंधरवडा त्यायचा होता. पंचांनी ठरवलेलं हाय, पंधरा दिस आई इकडं, पंधरा दिस तिकडं.

सूर्यभान : अन् त्याच्या पुढची तारीख?

महांतेश : ती बी चुकली. ती बरुबर पाळी बदलायच्या दिवशी आली.

शिवशंकर : डॉक्टर म्हणले, ह्या बारीला आणलं न्हाई तर डोळा गेला म्हून समजा.

सूर्यभान : पंधरा-पंधरा दिस ठरलेत, तर मग ती आखाड्यावर कशी?

महांतेश : वाटणी आयकली अन् उठली. चूल घेतली, आखाड्यावर जाऊन बसली. म्हणली, मी काय मळणीचं यंत्र हाय का, फिरवून वापरायला.

सूर्यभान : ट्रॅक्टर न्या मग.

शिवशंकर : कंबर मोडलेली बाई ट्रॅक्टरवर कुठं बसंल? अन् बैल होते, ते वाटणीत इकले. नाल्यापलीकडची गाडवाट सगळी काळी माती. परवाच्या पावसानं पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातोय. चारी चाकं ओढली तरच गाडी निघंल.

महांतेश : एवढं साधं हाय. चार चाकांनी एकत्र चालायचं. सांगा, ह्या गाडीला ते कसं जमंल?

सूर्यभान : गाडीला जमत व्हतं. अप्पा हीच गाडी नाल्यात घालायचा अन् बिडी पीत बाहेर काढायचा. ... थांबा जरा. हा टायर कुणाचा?

शिवशंकर : पुढचे दोन मी घातले. कोरे हायेत.

सूर्यभान : अन् मागचे?

महांतेश : मी. ते बी कोरे हायेत. त्यायच्यापेक्षा उंच.

सूर्यभान : एकमेकाला इचारून घेतले का?

महांतेश : इचारायला बोलावं लागतंय काका.

सूर्यभान : ती सुतळी द्या इकडं. हा पुढच्या चाकाचा घेर. धर गाठ. आता हीच सुतळी मागच्याला. बघा, पुरते का?

शिवशंकर : न्हाई पुरत. चार बोटं कमी पडायलीय.

सूर्यभान : सापडलं. शाबास रे पोरांनो. सकाळपासून मी गाडीच्या पोटात हात घालायलोय, अन् रोग पायाला हाय.

महांतेश : लहान-मोठ्या टायरानं काय होतंय? रोज तर चालतेय.

सूर्यभान : रोज मागचीच दोन ओढतेत, पुढची नुसती मागं मागं येतेत. चारी जोडायची म्हणलं की आतला कम्प्युटर पुढच्या अन् मागच्या चाकांचे फेरे मोजतो. लहान चाक जास्त फिरतंय, मोठं कमी. हिशेब जुळंना की तो म्हणतो काहीतरी मोडलंय, मी जोडत न्हाई. त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच न्हाई की एका गाडीचे दोन मालक हायेत अन् दोघांचं डोकं सारखंच हाय.

शिवशंकर : सोपं हाय मग. माझ्या मापाचे दोन मागं टाकायला सांगा त्याला.

महांतेश : काका, त्यायला सांगा, माझ्या मापाचे दोन पुढं टाका. मोठी गाडी दिसंल, मोठ्या माणसाला शोभंल.

सूर्यभान : ही दोन्ही मापं जिंतुरात आज भेटत न्हाईत. मागवलं तर उद्या सांजच्याला येतंय. तव्हर डॉक्टर घरी जाऊन जेवला असंल. जुने टायर कुठं हायेत?

शिवशंकर : दोन माझ्या माळ्यावर हायेत. वाटणीत आलेली वस्तू मी फेकत न्हाई.

सूर्यभान : तुझे?

महांतेश : सोयाबीनच्या ताडपत्रीवर वजनाला ठिवलेत.

सूर्यभान : नक्षी राहिलीय का त्यायच्यावर?

महांतेश : हाय. बरी हाय.

सूर्यभान : मग बदलले कामून?

महांतेश : त्यायनं नवे घातले म्हून.

सूर्यभान : वा. अन् तुमी?

शिवशंकर : आमचा भाग हाय, आमी सजवू.

सूर्यभान : चारी टायर अप्पानं एकदम घेतलेले, सारखे झिजलेले. तेच आणा. तासाभरात चढवून देतो.

शिवशंकर : आणतो. आधी त्याचे येऊ द्या.

महांतेश : पुढची चाकं आधी असतेत काका. मान थोरल्याचा.

सूर्यभान : बसा मग. मी बी बसतो. ... मागच्या आठवड्यात मी तुमच्या आखाड्यावर गेलो होतो, पाण्याची मोटार बघायला. तुमच्या आईनं, महादेवीबाईनं, मला हात लावून इचारलं, कोण. तिला आता तोंड दिसत न्हाई, आवाजावर माणूस वळखते.

शिवशंकर : म्हून तर ऑपरेशन करायलोत.

सूर्यभान : दिवाळीला तुमी दोघं गेला होता का तिच्याकडं?

महांतेश : गेलो होतो. एकाच टायमाला गाठ पडली. मी मागं उभा होतो.

सूर्यभान : बोललास का तिला काही?

महांतेश : ते बोलायलते. ते असले की मी बोलत न्हाई.

सूर्यभान : तुझ्या आईला वाटतंय तू आलाच न्हाईस. मला म्हणली, महांतेश दिवाळीला बी आला न्हाई.

महांतेश : मी पाया पडलो तिच्या.

सूर्यभान : पाया थोरला बी पडला असंल. पाया पडणाऱ्याचा आवाज होत न्हाई.

शिवशंकर : तिनं मला इचारलं होतं. संगं कोणी हाय का म्हणली.

सूर्यभान : मग?

शिवशंकर : न्हाई म्हणलो.

सूर्यभान : कामून?

शिवशंकर : पाळी माझी होती. हाय म्हणलो असतो तर ती त्यालाच धरून बसली असती.

महांतेश : काका, त्यायला सांगा...

सूर्यभान : मी न्हाई सांगत. माझं काम गाडीचं हाय. दोघांच्या मधी हा डबा हाय तेवढा पुरे, मला घालू नगा.

महांतेश : तुमी न्हाई म्हणले?

शिवशंकर : म्हणलो.

महांतेश : मी हातभर अंतरावर होतो, अण्णा.

शिवशंकर : माहीत हाय मला. ... माळ्यावरचे टायर एकट्याच्यानं उतरत न्हाईत. चल.

महांतेश : चला. मग ताडपत्रीवरचे उचलू.

शिवशंकर : चिखलातून आखाड्यापर्यंत गाडी मी नेतो. तू हौद्यात बसू नगं. आत बस.

महांतेश : आत बसतो. पण बांधापाशी गेल्यावर तिला आधी हाक मी मारणार.

शिवशंकर : मार. मग मला बी एक हाक मार. तिला आयकू जाईल अशी.