खोका पोचला का?

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, हो, येतंय ऐकू. जेवणाची सुट्टी आहे, मशिनं बंद आहेत. बोल… खोका पोचला? अगं ऐक ना, त्यातलं आईला काही देऊ नकोस… बिस्किटं नको, नूडल्स नको, सरबताची पावडर तर मुळीच नको… चिडले नाहीये गं!

परवा शिवताशिवताच डोळ्यांपुढे अंधारी आली. कारखान्यातल्या नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली… साखर. हो, रक्तात. भरपूर… नाही गं, इतक्यात मरत नाही मी! गोळ्या दिल्यात. दिवसभर बूड हलवायचं नाही, भूक लागली की गेटवरचं तळलेलं, वर कोल्ड्रिंकची गोड बाटली. फोटो बघून तूच म्हणायचीस ना, शहर मानवलं बाईला?… हं. हे असं मानवलं.

पुढचं ऐक. बाई विचारत होत्या, फार तहान लागते का, जखम लवकर भरत नाही का… आणि मला आईच्या टाचेवरची जखम आठवली… अजून ओलीच? तीन महिने?… तुला नाही गं बोलत. दर महिन्याला हौसेनं खोके भरणारी मीच ना?

उद्याच दवाखान्यात ने तिला… नाही म्हणते? दे तिच्याकडे.

आई?… हो, जेवले. तुझी शपथ… दवाखान्याचं राहू दे. परसात काय लावलंयस?… काहीच नाही? भोपळासुद्धा?… पोरगी एवढं पाठवते तर माती कशाला उकरायची?… असं म्हणतेस होय.

काय?… परत बोल… बिस्किटं आवडत नाहीत? एकही? टाळ्याला चिकटतात?… अगं मग दोन वर्षं का खात बसलीस?

…मी पाठवते म्हणून?

नाही, रडत नाहीये. इथे कापडाची धूळ फार… आई, बियांचा डबा आहे ना अजून? मग लाव. मला भाज्या खायला सांगितल्यात, आणि इथल्या सगळ्या शिळ्या. आता खोका तू पाठवायचास… पण आधी टाच दाखवून ये. त्या पायानं वाफ्यात उभी कशी राहशील?… जाशील? नक्की? उद्याच?

भोंगा झाला गं, ठेवते… काय लावणार म्हणालीस? कारली?… आई, तुला माहितीये ना, मला कारली…

बरं. पाठव. खाईन.