जॉर्डनची पाहुणी

रश्मी: उद्या कारध्याच्या शाळेत मुलांशी बोलताना, कुठली विचारलं तर फक्त जॉर्डन म्हण, हनीन. भुपेंद्र सरांना मी तसंच सांगून ठेवलंय.

हनीन: मी जॉर्डन विमानतळापुरतं पाहिलंय, रश्मी. मुलांनी तिथलं काही विचारलं तर?

धुरपता: थांबा वं. म्हंजे हे पोरगी जॉर्डनची नाही?

रश्मी: नाही आई. पॅलेस्टाईनची आहे. हळू बोल, बाहेर बाबाजवळ मानसं बसून आहेत.

धुरपता: माह्या चुलीजवळ बसून जेवते अन् मले काहून सांगतलं नाही?

रश्मी: पुण्यात शिकाले आल्यावर हिनं खरं सांगतलं, तं घरमालकानं खोली सोडाले लावली. कॉलेजातले म्हणे, हा विषयच काढू नको. आता व्हिसा वाढवाचा आहे. उद्या कोणी मोबाइलवर हिचं बोलणं काढलं अन् पसरवलं तं?

हनीन: मालक वाईट नव्हते, मावशी. म्हणाले, आम्हाला उगाच त्रास नको. मी फक्त कुठली ते सांगितलं होतं. आता आईशी फोनवर बोलते, तेही पांघरुणात.

धुरपता: कुठं रायते आई?

हनीन: मामाकडे. आमच्या वस्तीतली घरं सैन्यानं रिकामी केली.

धुरपता: नागपुरात आमी खोली घेतली, तवा रश्मीच्या बापानं आडनाव बदलून सांगतलं. मालकीण मायेनं बोलवे, पन मले तिच्या घरी घास उतरत नोयता. वाटे, आता ते जात इचारन, मंग इचारन. चौदा एप्रिलले दार लावून मेणबत्ती लावली आमी.

रश्मी: हे मले कधी सांगतलं नाही तू.

धुरपता: न बोलाची सवय लागते, बाई.

रश्मी: सरांचा फोन आला. फळ्यावर लिहाले देशाचं नाव पुन्हा विचारतील.

हनीन: दे इकडे.

रश्मी: व्हिसाचा विचार कर.

हनीन: रोज तोच करते. दे.

(हनीन फोन कानाला लावते.)

हनीन: नमस्कार सर. रश्मीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, तिला रागावू नका. मी पॅलेस्टाईनची आहे... हो सर... बरं.

रश्मी: काय म्हणाले?

हनीन: वर विचारून कळवतो म्हणाले. तोवर येऊ नका.

रश्मी: म्हणजे झालं. आता गावभर होईल.

धुरपता: होऊ दे. बस इथं, पोरी. तुह्या गावाचं नाव काय?

हनीन: तुलकरम.

धुरपता: मोठ्यानं सांग. मले कमी आयकू येते.