हाल्याचं मत

२०१४. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी चिखल्याच्या एसटी थांब्यावर एक चिकूच्या वाडीची मालकीण आणि तिच्याकडे चिकू तोडणारी सोमी माझ्या मागं बोलत होत्या.

"मत टाकलंस ना, सोमी? यंदा सगळ्या देशाला बदल हवाय."

"टाकलं, बाई."

"आणि तुझ्या पोरानं, हाल्यानं?"

"तो पोरबंदरला. शेठच्या बोटीवर खलाशी हाय."

"एक दिवस यायचं ना! आमचा जतीन मुंबईहून गाडी घेऊन आला."

"बोट समुद्रात हाय, बाई. उतरंल कुठं?"

"मग बदल कसा होणार गं?"

"निवडणूक पावसाळ्यात ठेवायला सांगा. बोटी बंद, वीटभट्ट्या बंद. तेव्हा पाड्यातले सगळे बाप्ये घरी असतात."

"भर पावसात कोण बाहेर पडेल?"

"तुमच्या भातलावणीला येतातच की."