तिसरीतलं जपान आणि माझा झाडू

...आणि वर मलाच विचारतात, मावशी, तुम्ही रुसलात का? अहो, रुसेन नाहीतर काय करेन? अठरा वर्षं झाडतेय मी ही शाळा. अठरा! ज्या पोरांची नाकं मी पुसली, त्यातली एक-दोन आता मिशा ठेवून फाटकाशी स्वतःच्या पोरांना सोडायला येतात, आणि मला सांगतायत, पोरांना झाडू द्या?

तुम्हाला सांगते, सगळं सुरू झालं ते तिसरीच्या बाईंपासून. बाई चांगल्या आहेत, नाही असं नाही. पण तीन आठवडे जपानला ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि तेव्हापासून दर वाक्यात जपान. खडू पडला तरी जपान. मीटिंगमध्ये म्हणाल्या की शुक्रवारी तिसरीत जपानचा दिवस करू, मुलांना तिकडचं जेवण देऊ, तिकडची शिस्त दाखवू. मी आपली चहाचा ट्रे घेऊन उभी. म्हटलं, करा बापड्यांनो, माझं काय जातंय. आणि मग त्या म्हणाल्या, "तिकडे वर्ग मुलंच साफ करतात, सर." आणि मोठ्या सरांनी काय करावं? माझ्याकडे बघितलं! नुसतं बघितलं. घर बदलताना जुनं स्टूल न्यायचं की इथेच सोडायचं, असं बघतो ना माणूस, तसं. मी ट्रे घेऊन तडक बाहेर आले.

मी काय दुधखुळी आहे? आज तिसरी झाडेल, उद्या चौथी झाडेल, परवा म्हणतील, मावशी, आता तुम्ही विश्रांती घ्या. ही विश्रांती कशी असते ते मला ठाऊक आहे. फाटकावरच्या काकांना दिली होती मागच्या वर्षी, अजून घेतायत बिचारे. मी तिथल्या तिथे ठरवलं, झाडू देणार नाही म्हणजे नाही. शुक्रवारी सकाळी सगळे झाडू, खराटे, सुपल्या माझ्या खोलीत कोंबल्या, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हटलं, येऊ दे आता जपानला.

तर वर्गाच्या दारातच पहिला नियम. बूट बाहेर काढायचे, आत घरातल्या सपाता घालायच्या. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस जोड, सगळे काळे, सगळे एकाच दुकानातले. मी बाईंना विचारलं, ओळखणार कसे? बाई म्हणाल्या, मुलं आपापले ओळखतात मावशी, जपानमध्ये तर... मी म्हटलं, बरं बरं. पहिली पाच मिनिटं बुटांची छान रांग होती, मग तिचा ढीग झाला.

मग जेवण. चार पोरांना पांढऱ्या टोप्या, पांढरे एप्रन, तोंडाला मास्क. ही भात वाढणार की कोणाचं अपेंडिक्स काढणार, कळेना. बाईंनी आणि मुलांच्या दोघी-तिघी आयांनी मिळून भाताचे तिकोनी गोळे केले होते आणि त्यांना काळा कागद गुंडाळलेला. मी म्हटलं, अगंबाई, कागद काढायचा राहिला. तर म्हणे कागद नाही, समुद्रातलं शेवाळ आहे, खायचं असतं. म्हणजे जे मी टाकीवरून घासून घासून हात मोडून काढते, ते हे मुलांना वाढणार? एका बेट्यानं ते सोललं आणि नाकाखाली चिकटवलं. झाली मिशी! बघता बघता सगळ्या वर्गाला मिशा, मुलींनासुद्धा. बाईंनी शांतपणे सांगितलं की मिशा परत भाताला लावा. लावल्या हो.

आणि खायचं कधी? तर खोलीतल्या प्रत्येकाला वाढून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. मी दाराशी हाताची घडी घालून उभी. एक दातपडकी माझ्यापुढे बशी घेऊन आली. मी म्हटलं, मला नको. ती परत गेली. आणि कोणी खाईचना! एक्केचाळीस पोरं, समोर भात, हातात त्या जपानी जेवायच्या काड्या, आणि सगळी टकामका माझ्याकडे बघतायत. बाई हळूच म्हणाल्या की वर्गातले सगळे म्हणजे तुम्हीसुद्धा. मी म्हटलं, मी वर्गात नाही, मी दारात आहे. तर मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मावशी, एक पाय आत आहे तुमचा."

बघते तर खरंच! आता तो पाय मागे घेतला असता की मिटलं असतं. पण का घेऊ मी मागे? अठरा वर्षं झाडतेय मी ही शाळा! आले आत. चप्पल काढून, अगदी टेचात आले. त्या चिमुकल्या बाकावर गुडघे कानाशी घेऊन बसले. पोरांनी हात जोडून काहीतरी लांबलचक म्हटलं, माझ्या जिभेला ते वळत नाही, पण अन्नाचे आणि ते करणाऱ्याचे आभार असतात म्हणे. तुम्हाला खरं सांगू? मधल्या सुट्टीची घंटा मी देते, आणि डबा सगळ्यांच्या शेवटी मी उघडते. ह्या शाळेत जेवायला माझ्यासाठी कोणी थांबलंय, असं कधी झालं नव्हतं. तो गोळा मी शेवाळासकट संपवला. पण काड्यांना मी हात लावला नाही, तेवढं सांगून ठेवते.

मग आली साफसफाई. बाई म्हणाल्या, मावशी, झाडू? मी म्हटलं, किल्ली सापडत नाही. कमरेला खुळखुळत होती मेली. बाई हसल्या, म्हणाल्या चालेल, फडकी आहेत. प्रत्येकानं घरून जुनं फडकं आणलेलं. एकानं तर बापाचा ऑफिसचा शर्ट आणला होता. अरे, हा कुठे जुना आहे? तर म्हणतो कसा, आई रोज म्हणते ह्याचं अगदी पोतेरं झालंय. मग फडकी ओली केली, दोन्ही हात फडक्यावर, ढुंगणं वर, आणि सुटली ओळीनं ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी मनात म्हणतेय, पडा, आपटा, कंटाळा, मग मावशी मावशी करत याल. कोणी कंटाळेना! लादीचा मूळ रंग दिसायला लागला. मोठे सर दारात येऊन उभे, खूश. आणि ती दातपडकी म्हणाली, "बाई, कपाटाखाली?"

ते लोखंडी कपाट अठरा वर्षांत हललं नव्हतं. एकट्या बाईमाणसाला हलणार आहे का ते? मी कितींदा सांगितलं होतं सगळ्यांना... नाही, खोटं कशाला बोलू, कोणालाच सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस पोरं लागली आणि कपाट सरकलं बाजूला. खाली पेन्सिलींची टोकं, खोडरबरं, डब्याचं झाकण, एक वाळलेली पाल, आणि वर रजईएवढी धूळ. सरांनी धुळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा तेच स्टूल! मी मान ताठ ठेवली आणि जाऊन सुटायची घंटा दिली. दोन मिनिटं आधीच दिली.

पोरं बुटांवर तुटून पडली. हा माझा, तो माझा नाही, रडारड, बाहेर बस हॉर्न मारतेय. सर म्हणाले, नंबर बघा. निम्म्यांचा नंबर एकच! बाईंना घाम फुटला, जपान कुठल्या कुठे गेलं. मी त्या ढिगासमोर मांडी घातली. टाच एका बाजूनं झिजलीय, हा पाय ओढत चालणाऱ्याचा. टोक सोललंय, हा दगड लाथाडणाऱ्याचा. लेसला दुहेरी गाठ, ती मीच मारते रोज, दातपडकीचा. एक्केचाळीस जोड लावले, एक चूक नाही. रोज त्यांच्या पायाखालचंच झाडते मी, पाय ओळखणार नाही?

बस गेली. मी सरांच्या टेबलावर किल्ली आपटली. म्हटलं, "ही घ्या. पण उद्या हे जोड कोण लावणार, ते आधी सांगा."

सर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मावशी, तुम्हाला काढतंय कोण? मीटिंगमध्ये मी तुमच्याकडे नाही, ट्रेकडे बघत होतो. सगळ्यांना चहा दिलात, मला राहिला होता."

"आणि आज?"

"आज मात्र धुळीकडेच बघत होतो."

तर आता असं आहे. दर शुक्रवारी पोरं वर्ग साफ करतात. त्यांना झाडू धरायला कोण शिकवतं? मी. बूट कोण लावतं? मी. पोरं गेल्यावर कोपरे परत कोण काढतं? मीच. एका कामाची तीन कामं झाली, ह्याला म्हणतात जपान. चालायचंच. परवा ती दातपडकी फाटकाशी तिच्या आजीला माझी ओळख करून देत होती. म्हणाली, ह्या आमच्या मावशी, अठरा वर्षं झाडतायत आमची शाळा. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू... आणि कार्टी पुढे म्हणते, "कपाट सोडून."