कुंकू लागलेली स्टेपनी

आमी मूळचे फुलसावंगीचे, भाऊ. बाप दुसऱ्याची जीप चालवे, मी महागावात येऊन सोताची जुनी जीप घेतली, दवाखान्याचे पेशंट यवतमाळले नेतो, हाच धंदा. गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही, त लिंबाखाली रस्त्यावर उभी राह्यते. अन् चोर, काय सांगू तुमाले, एकदा बॅटरी नेली, एकदा वायपर नेले. वायपर! त्याचं का लोणचं घालतेत का काय मालूम. मंग मी बॅटरीवर लोखंडी पट्टी मारली, स्टेपनीले साखळी घातली, कुलूप घातलं. लोक म्हणत, गाडी हाय का तिजोरी. हासा म्हटलं लेकहो.

पण दसऱ्याले साखळी नाही. त्या दिवशी स्टेपनी, जॅक, पाने सारं काढून गाडीसमोर मांडतो, धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, अन् पूजेच्या वस्तूले कुलूप कसं घालाचं म्हणून तसंच राहू देतो. हा आमचा येडेपणा. सारी गल्ली सोनं द्याले आली, पाया पडली, गळ्यात पडली. सकाळी पाह्यतो त स्टेपनी गायब. हार तेवढा बोनेटवर नीट ठेवलेला.

त्याच दिवशी शेजारच्या काशीबाईले डायलिसिसले न्याचं होतं, ते काही टाळता येत नाही. निघालो तसाच. आर्णीच्या पुढं टायर बसलं. म्हातारी बाभळीखाली धापा टाकून राह्यली, पाय सुजलेले, अन् मी येणाऱ्याजाणाऱ्याले हात दाखवून राह्यलो. भेलो मी, खरं सांगतो, आता हातातच जाते म्हटलं. शेवटी एक एसटी थांबली, कंडक्टरनं उचलून बसवली, म्हणून वाचली.

तिचा पोरगा गजानन, त्याचीबी अशीच जीप. पण मायले न्याले टाइम नाही त्याले, भाडं सुटते. पुढच्या बाजारी पाह्यतो त त्याच्या जीपच्या मागं माही स्टेपनी, माह्या बायकोनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक जसंच्या तसं. म्हटलं चोट्ट्या, पुसाचं त होतं. त काय म्हणते?

“पूजेचं कुंकू हाय काका, पुसलं त पाप लागते.”

माय रस्त्यावर पडली त्याचं पाप नाही, कुंकवाचं पाप. थू.

स्टेपनी काढून आणली, पोलिसात नाही गेलो, म्हातारी लाजेनंच मरून जाईन. तिले सांगतलंबी नाही. अजून मीच नेतो. बिचारी मागं बसून सांगत राह्यते, माहा गजानन लय देवभोळा हाय. लय, म्हणतो मी, अन् गेअर टाकतो. देव सुखी ठेवो तिले.